डच आणि आफ्रिकान्स आडनाव कसं फोडायचं, आपल्या कोल्हापुरी पद्धतीनं

२०२२ चा फुटबॉल वर्ल्ड कप चालू होता, पेठेत जिकडं तिकडं फ्लेक्स आणि झेंडे, आणि आम्ही घरात नेदरलँड्सची मॅच लावून बसलेलो. टीमची यादी स्क्रीनवर आली तसा माझा पुतण्या म्हणाला, "काका, व्हॅन डाईक, डी यॉंग, डी लिख्ट, डी व्राय... ही सगळी एकाच भावकीतली हाईत काय?" मी म्हटलं नाही रे, आपल्याकडं कागलकर, निपाणीकर, मुरगूडकर ह्या सगळ्यांना "कर" आहे म्हणून ते भावकी होतात काय? तो गप्प झाला पण मला मात्र विषय चावला. त्या दिवसापासून एका दोनशे पानी वहीत ही आडनावं लिहून फोडायचा नाद लागला तो लागलाच. आता चार जण विचारायलेत की कसं करतोस म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. (डच म्हणजे नेदरलँड्सची भाषा, आणि आफ्रिकान्स म्हणजे दक्षिण आफ्रिकेत तिच्यातूनच तयार झालेली.)

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जुनं डच नाव आणि आपलं मराठी नाव ह्यांची बांधणी एकच आहे. रेम्ब्रांट हा चित्रकार सगळ्यांना ऐकून माहीत असतो, १६०६ साली लायडन गावात जन्मला. त्याचं पूर्ण नाव रेम्ब्रांट हार्मेन्सझोन व्हॅन राइन. हार्मेन हे बापाचं नाव, झोन म्हणजे मुलगा, आणि राइन म्हणजे ऱ्हाइन नदी, त्यांच्या घरची गिरणी त्या नदीकाठी होती. आपल्या भाषेत लिहा: रेम्ब्रांट हार्मेन राइनकर. स्वतःचं नाव, बापाचं नाव, ठिकाण. शाळेच्या दाखल्यावर आपलं असतं तसंच! इंग्रज माणसाला हे समजून घ्यायला वेळ लागतो, आपल्याला नाही लागत, कारण आपण जन्मापासून असंच नाव लिहितोय.

आता उच्चार. हे आधी करा, नाहीतर पुढं शब्द ओळखायलाच येत नाही. डचमध्ये व्ही अक्षराचा उच्चार फ कडं झुकतो म्हणून व्हॅन खरं म्हणजे "फान", जे म्हणजे य, म्हणून दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेटर मार्को जॅन्सन नाही तर "यान्सन" (कॉमेंटेटर बरोबर म्हणतात, आपणच स्पेलिंग वाचून चुकतो), ओ आणि ई एकत्र आले की ऊ, म्हणून बोअर नाही "बूर", जी म्हणजे घशातून खरवडून काढलेला ख, आणि आय-जे जोडून आले की साधारण "एय". हाच आय-जे दक्षिण आफ्रिकेत गेला की नुसता वाय होतो. म्हणजे नेदरलँड्समधला व्हॅन डाईक आणि आफ्रिकेतला व्हॅन डाईक नाव एकच, नुसतं स्पेलिंग वेगळं. शोधताना दोन्ही टाकून बघायची सवय लावा, निम्मे लोक इथंच अडकतात आणि "सापडलं नाही" म्हणून सोडून देतात.

पुढची पायरी म्हणजे आडनावाचा पुढचा तुकडा कापायचा. "व्हॅन" म्हणजे कडचा, चा. "डे" (कॉमेंटेटर "डी" म्हणतात तेच) म्हणजे इंग्रजीतल्या द सारखं, तो अमुक. "व्हॅन डेर" आणि "व्हॅन डेन" म्हणजे ह्या दोघांची जोडी. "टेर" आणि "टेन" म्हणजे तिथं, त्याजवळ. आणि एक फसवा आहे तो "फेर", हा व्हॅन डेर चाच दाबून छोटा केलेला. चित्रकार फेरमेर म्हणजे मुळात व्हॅन डेर मेर, मेर म्हणजे तळं. रंकाळ्याकाठी राहणाऱ्या माणसाला डच लोकांनी फेरमेरच म्हटलं असतं. तसंच फेरम्यूलेन म्हणजे गिरणीजवळचा.

तुकडा कापला की जो शब्द उरतो तो कुठल्या जातीचा आहे ते बघायचं. ढोबळ मानाने चार प्रकार आहेत आणि चारही आपल्याकडं आहेत.

बापाच्या नावावरून आलेली ओळखायला सगळ्यात सोपी, शेवटी "सेन" किंवा नुसता "स" असतो. यान्सन म्हणजे यानचा पोरगा. क्लासेन म्हणजे क्लासचा, आणि क्लास हे निकोलासचं लाडाचं नाव. केपलर वेसल्स आठवतो का जुन्या लोकांना, तो वेसलचा. केविन पीटरसन खेळला इंग्लंडकडून पण जन्म पीटरमारिट्सबर्गचा आणि आडनाव पीटरचा मुलगा. जुन्या कागदात हे "सझ" असं अर्धवट लिहिलेलं दिसतं, ते झोनचं शॉर्टफॉर्म, आणि बाईच्या नावापुढं "डॉख्टर" म्हणजे मुलगी ह्याचं शॉर्टफॉर्म. लक्षात ठेवा, असल्या जुन्या कागदात हे आडनाव नसतं, ते दर पिढीला बदलतं. यानचा पीटर झाला तर तो यान्सन, पण पीटरच्या पोराचं पीटरसन. आपण वडिलांचं नाव मधे लावतो आणि ते दर पिढीला बदलतं तसंच. त्यामुळं १६०० च्या आसपासचा यान्सन आणि आजचा यान्सन ह्यांच्यात नातं लावत बसू नका.

धंद्यावरून आलेली. बाकर म्हणजे बेकरीवाला, फिसर म्हणजे मासे धरणारा, स्मिट म्हणजे लोहार, टिमरमान म्हणजे सुतार, कायपर म्हणजे लाकडी पिंपं करणारा, मुल्डर म्हणजे गिरणीवाला (विआन मुल्डर बॅटिंगला आला की आमच्यात कोणतरी "गिरणीवाला आला" म्हणतंच). क्विंटन डी कॉक म्हणजे आचारी. वेस्ली स्नायडर म्हणजे शिंपी. डे बूर म्हणजे शेतकरी, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या लोकांना बोअर म्हणायचे ते ह्याच शब्दावरून, १८९९ ते १९०२ चं बोअर युद्ध म्हणजे शब्दशः शेतकऱ्यांचं युद्ध. ह्या गटात मला सगळ्यात आवडलेलं आडनाव स्खाउटेन. स्खाउट म्हणजे गावात कायदा सांभाळणारा, वरच्या सत्तेच्या वतीनं गुन्हेगार धरणारा माणूस. म्हणजे जवळजवळ आपला पाटीलच की! आणि डी क्लर्क म्हणजे लिहिणारा, तो झाला कुलकर्णी. पाटील-कुलकर्णी जोडी तिकडंही होती हे कळल्यावर मी वहीत त्या पानावर लाल पेनानं चौकट केली.

दिसण्यावरून आणि वयावरून आलेली. डे ग्रोट म्हणजे मोठा, थोराड. डे योंग म्हणजे धाकटा. गावात दोन बाळू असले की आपण थोरला बाळू, धाकला बाळू म्हणतो, तिकडं बापलेकांचं नाव एकच असलं की लेकाला डे योंग म्हणायचे, आणि असे बापलेक इतके होते की हे आज नेदरलँड्समधल्या सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव आहे, २००७ च्या मोजणीत सुमारे ८४ हजार.

आणि ठिकाणावरून आलेली. हा गट सगळ्यात मोठा आणि इथंच लोक सगळ्यात जास्त चुकतात म्हणून जरा थांबून सांगतो.

ठिकाणाच्या आडनावात दोन पोटभेद आहेत. एक जमिनीचा, एक गावाचा. डाईक म्हणजे पाणी बाहेर ठेवायला घातलेला मातीचा बांध, बर्ग म्हणजे डोंगर, बॉश म्हणजे रान (कॉर्बिन बॉश), फार्ट म्हणजे होड्यांसाठीचा कालवा (रफाएल व्हॅन डेर फार्ट), झाइल म्हणजे बांधातून पाणी सोडायचं दार. असलं नाव असेल तर माणूस तिथं राहात होता, बांधावर घर होतं म्हणून व्हॅन डाईक, विषय संपला. २०१९ चा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना बांधावरचं घर म्हणजे काय आणि त्याचं नाव माणसाला का चिकटतं हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडं कोल्हापूर पद्धतीचा बंधारा नदीतलं पाणी अडवून धरतो, त्यांचा डाईक पाण्याला गावात येऊ देत नाही, काम उलटं पण जीव त्यावरच अवलंबून. बर्गचं मात्र सांभाळून. व्हॅन डेन बर्ग वाचून डोळ्यासमोर पन्हाळा किंवा जोतिबा आणू नका. युरोपातल्या नेदरलँड्सचा सगळ्यात उंच डोंगर फाल्सरबर्ग, तो ३२२ मीटर. आपलं कोल्हापूर शहरच समुद्रसपाटीपासून त्याच्यापेक्षा वर आहे, म्हणजे रंकाळ्यावर भेळ खाणारा माणूस त्यांच्या सगळ्यात उंच डोंगराच्याही वर बसलेला असतो. तिकडं जरा उंचवटा दिसला की तो बर्ग.

दुसरा पोटभेद गावाचा. व्हॅन डेर डुसेनमधलं डुसेन हे उत्तर ब्राबांट प्रांतातलं गाव. व्हॅन निस्टलरॉय मधलं निस्टलरोडे त्याच प्रांतात. व्हॅन यार्सफेल्ड आणि व्हॅन स्खाल्कवेक ही दोन्ही गावं उट्रेख्ट प्रांतात. आता ह्याचा अर्थ लावताना आपलाच नियम वापरा: इचलकरंजीत राहणाऱ्याला इचलकरंजीकर कोण म्हणत नाही, सगळेच इचलकरंजीचे, त्यात ओळख कसली. तो तिथनं उठून कोल्हापुरात किंवा पुण्यात आला की मग लोक म्हणतात. तसंच गावाचं नाव असलेला व्हॅन म्हणजे बहुतेक करून ते गाव सोडून आलेलं घर. म्हणून पूर्वज शोधताना त्या गावात सुरुवात करू नका, आजूबाजूच्या मोठ्या शहरात करा. डे फ्रीसचंही हेच, अर्थ "फ्रीसलंडचा माणूस", आणि ते नाव फ्रीसलंडच्या बाहेर गेल्यावरच कामाचं.

फ्रीसलंडचं नाव निघालंच आहे तर, उत्तरेकडच्या ह्या प्रांताची स्वतःची भाषा आहे आणि तिथं आपल्यासारखा "कर" मागं लागतो, "स्ट्रा". इंजिनिअरिंगच्या पोरांनी डाइक्स्ट्राचा अल्गोरिदम घासलेला असतो, सगळ्यात जवळचा रस्ता शोधायचा, १९५९ चा. त्या डाइक्स्ट्राचं आडनाव फोडा, डाईक अधिक स्ट्रा, म्हणजे बांधकर. व्हॅन डाईक आणि डाइक्स्ट्रा अर्थानं एकच आडनाव, एकाचा प्रत्यय पुढं आणि एकाचा मागं! हुक्स्ट्रा म्हणजे कोपऱ्यावरचा, टेर्पस्ट्रा म्हणजे पुरापासून वाचायला केलेल्या मातीच्या उंचवट्यावरचा. पूर्वेकडं जर्मनीच्या हद्दीला आणखी वेगळं, तिथं "इंक" नं संपणारी आडनावं ही शेतवाडीची नावं असतात, आणि त्या वाडीवर घरजावई म्हणून गेलेला माणूस वाडीचंच नाव लावायचा. त्यामुळं तिकडं बापाचं एक आणि मुलाचं दुसरं आडनाव दिसलं तर कागद चुकला असं समजू नका.

आता आफ्रिकान्स आडनावं. इथं वहीत माझी पानंच्या पानं अडली होती कारण डु प्लेसी, डिव्हिलियर्स, रॉसो ह्यातलं काही डच शब्दकोशात सापडेचना. सापडणार कसं, ती मुळात फ्रेंच. गोष्ट अशी की १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीनं केपला, म्हणजे आजच्या केपटाऊनला, जहाजांना भाजीपाला-पाणी मिळावं म्हणून ठाणं केलं. ही तीच कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, पडक्या भिंती अजून आहेत, पुढच्या वेळी वेंगुर्ल्याला मासे खायला गेलात तर वाट वाकडी करून बघून या. तर १६८५ ला फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं प्रोटेस्टंट लोकांचं संरक्षण काढून घेतलं, ती माणसं देशोधडीला लागली, आणि त्यातली दोनशेच्या आसपास १६८८-८९ च्या सुमारास डच जहाजांतून केपला उतरली. कंपनीनं त्यांना डच शेतकऱ्यांच्या मधे मधे पेरलं, चर्च आणि शाळा डचमधनं, त्यामुळं दोन-तीन पिढ्यांत फ्रेंच भाषा गेली. आडनावं राहिली, पण डच कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेली. रूसो चं रॉसो झालं (अर्थ तांबड्या केसांचा), क्रोनिये मुळात क्रोनिए, विलियों चं फिल्यून, पिनार चं पीनार, नॉर्तिए चं नॉर्किया. आपल्याला ह्यात नवल वाटायचं कारण नाही, इंग्रजांनी शिंद्यांचं सिंदिया आणि गायकवाडांचं गायकवार केलंच होतं. डिव्हिलियर्स तीन सख्खे भाऊ १६८९ साली आले, पिएर, आब्राहाम आणि जाकोब, आणि व्हिलिए म्हणजे वाडी, छोटं खेडं. म्हणजे एबी डिव्हिलियर्स हा आपला एबी वाडीकर. डु प्लेसी म्हणजे फांद्या विणून केलेल्या कुंपणाच्या आतली जागा, कुंपणातला. फ्रेंच आहे हे ओळखायची खूण सांगतो, सुरुवातीला "डु", "ले" किंवा "ला" असला तर डच शब्दकोश बंद करा. "डे" असेल तर दोन्हीकडं बघावं लागतं कारण डे डचमध्येही आहे आणि फ्रेंचमध्येही, डचमध्ये "तो" आणि फ्रेंचमध्ये "चा".

जर्मन विसरू नका, केपला कंपनीचे सैनिक म्हणून जर्मन पोरं ढिगानं आली. क्रूगर हे आडनाव बर्लिनहून १७१३ ला आलेल्या माणसाचं, अर्थ खानावळ चालवणारा. आणि प्रिटोरियस बघून लॅटिन वाटतं ते बरोबरच आहे, शिकलेल्या लोकांनी आपलं साधं गावाकडचं आडनाव लॅटिन करून घ्यायची तेव्हा फॅशन होती, आणि ह्याच्या मागं पुन्हा गावचा कारभारी, म्हणजे आपला पाटीलच.

शोधायचं कुठं? नेदरलँड्समधल्या आडनावांची फॅमिलीनामेनबँक इंटरनेटवर फुकट आहे, तिथं आडनाव टाकलं की १९४७ ची आणि २००७ ची संख्या आणि नकाशा दिसतो. नकाशा आधी बघा, अर्थ नंतर वाचा. एकाच कोपऱ्यात गडद ठिपका दिसला तर बहुतेक एकच मूळ घर, आणि सगळ्या देशभर फिकट पसरलेलं असलं तर तेच आडनाव वेगवेगळ्या ठिकाणी आपापलं तयार झालंय, त्यात नातं शोधण्यात अर्थ नाही. जन्म-लग्नाच्या नोंदींसाठी फॅमिलीसर्च आणि वीवासवी ह्या वेबसाईट. आणि एक बारीक गोष्ट, नेदरलँड्सच्या यादीत व्हॅन डाईक हा डी खाली सापडतो, व्हॅन धरत नाहीत, पण बेल्जियम आणि दक्षिण आफ्रिकेत व्ही खाली. मी एकदा अख्खी संध्याकाळ चुकीच्या अक्षराखाली घालवली आहे.

दोन गोष्टींवर विश्वास ठेवू नका. एक, १८११ ला नेपोलियननं आडनाव नोंदवायची सक्ती केली तेव्हा लोकांनी चिडून मुद्दाम विचित्र नावं दिली ही सगळीकडं फिरणारी गोष्ट. बहुतेकांची आडनावं त्याच्या कितीतरी आधीपासून होती. नाक्टखेबोरेन म्हणजे "नागडा जन्मलेला" हे आडनाव नेहमी पुरावा म्हणून देतात, पण ते १८११ च्या आधीचं आहे आणि त्याचा संबंध बाप गेल्यावर जन्मलेल्या मुलासाठीच्या शब्दाशी लावतात. दुसरी, आडनावाचं राजचिन्ह म्हणून फ्रेम करून विकतात ते. चिन्ह एखाद्या घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं. सगळ्या पाटलांचं मिळून एक चिन्ह असतंय काय?

आता वहीतलं एक पान जसंच्या तसं देतो. आडनाव बेझाइडनहाउट, आफ्रिकेत भरपूर. पुढं व्हॅन नाही, डे नाही, सेन नाही. मग शब्द मोठ्यानं म्हणून बघितला. बेझाइडन... झाइड म्हणजे दक्षिण. हाउट म्हणजे लाकूड, जुन्या भाषेत रान. "बेझाइडन" मिळून अर्थ होतो अमक्याच्या दक्षिणेला. बेझाइडन-हाउट, रानाच्या दक्षिणेला. म्हणजे कुणाला तरी पत्ता विचारला, त्यानं हात करून सांगितलं "रानाच्या खालच्या अंगाला राहतोय तो", आणि तेच तीनशे-चारशे वर्षं टिकलं. आपल्याकडं वरची आळी, खालची आळी म्हणतात तसं. हे पान फुटलं त्या दिवशी मला खरं समाधान मिळालं.

आणि शेवटची पायरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. केपच्या १७ व्या आणि १८ व्या शतकातल्या कागदात तुम्हाला व्हॅन बेंगाले, व्हॅन मलबार, व्हॅन डे कुस्ट, व्हॅन बटाव्हिया अशी नावं दिसतील. इथं फॅमिलीनामेनबँक उघडू नका. हे आडनाव नाही. ही विकत घेऊन जहाजातून नेलेली माणसं, गुलाम, आणि त्यांचं खरं नाव लिहायची कुणाला गरज वाटली नाही म्हणून मालकानं दिलेलं एक नाव आणि पुढं कुठनं आणलं तेवढं लिहिलेलं. बेंगाले म्हणजे बंगाल, कुस्ट म्हणजे बहुतेक वेळा आपला पूर्वेकडचा कोरोमंडल किनारा, बटाव्हिया म्हणजे आजचं जकार्ता. काहींना तर महिन्याचं नाव दिलं, त्यातनं सप्टेंबर, फेब्रुआरी अशी आडनावं आजही केपमध्ये आहेत. तिथंच जन्मलेल्या लेकरापुढं व्हॅन डे काप, केपचं. राइनकर, बांधकर हे लोकांनी शेजाऱ्याला दिलेलं नाव, हे मात्र मालकाच्या वहीतलं.

अशी एक बाई अँजेला व्हॅन बेंगाले. बंगालमधून नेलेली, केपचा पहिला कमांडर यान व्हॅन रीबेकच्या घरात कामाला होती, पुढं सुटका झाली आणि १६६९ साली तिनं आर्नॉल्डस बासन ह्या माणसाशी लग्न केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या बासन घराण्याची ती मूळ आई. त्या आडनावाचा अर्थ शोधायला गेलात तर युरोपातला शब्द हातात येईल, पण वंशावळीत एक पायरी वर चढलात की कागदावर "व्हॅन बेंगाले" लिहिलेलं दिसेल. तर तुमच्या शोधात असला कागद आला की तारीख, जहाज, विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव सगळं उतरवून घ्या, कारण त्या बाईचं किंवा माणसाचं आपल्याकडलं गाव शोधायला तेवढाच धागा उरलेला असतो.